स्वतःसाठी गोधडी: जुन्या कपड्यांपासून शेवटच्या टाक्यापर्यंत

माझ्या हातून आजवर अकरा गोधड्या झाल्या. भाच्याच्या बारशाला दुपटं, लेकीच्या बाळंतविड्यात दोन, सासऱ्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी एक जाडजूड, बाकीच्या अशाच कुणाकुणाच्या. बारावी मी माझ्यासाठी शिवली, वयाच्या ५३व्या वर्षी. आमच्या साताऱ्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आईनं शिवलेल्या वाकळी आधी पाहुण्यांना, मग लेकरांना, आणि ती स्वतः विटक्या चादरीवर, असंच मी लहानपणापासून पाहत आले. म्हणून हा लेख स्वतःच्या मापाच्या, स्वतःच्या कपड्यांच्या गोधडीसाठी आहे. ज्यांनी सुई आजवर फक्त बटण लावायला हातात घेतली, त्यांनाही जमावं इतकं बारीक सांगते.

सुरू करण्याआधी एक कळकळीचं सांगणं. पहिल्यांदा शिवणारे सगळा जीव ठिगळांवर लावतात. रंग जुळवतात, आकार ठरवतात, मांडणी दहादा बदलतात. थर जोडायची वेळ येईपर्यंत उत्साह संपतो आणि मग वीत-वीत अंतरावर चार रेघा मारून काम उरकतात. पहिल्याच धुण्यात अशी गोधडी पोटात गोळा होते. गोधडी टिकते ती टाक्यांवर. तुमच्याकडे असलेल्या वेळेचे तीन भाग केलेत, तर दोन भाग टाक्यांसाठी राखून ठेवा.

माप आणि साडीचा हिशोब

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथं अंथरूणच आपण करणार आहोत. तेव्हा आधी पाय मोजा. नेहमी झोपता तसे आडवे व्हा आणि खांद्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत माप घ्या. पायाखाली वळवायला एक फूट आणि डोक्यावरून ओढून घ्यायची सवय असेल तर आणखी दीड फूट धरा. एकट्या माणसाला साडेचार फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी बहुतेक वेळा पुरते.

हे माप साडीलाही अचूक बसतं. सहावारी साडी म्हणजे १८ फूट. तिचे साडेचार फुटांचे चार तुकडे होतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की साडीच्या पन्ह्याच्या (रुंदीच्या) दुप्पट, म्हणजे साधारण सात फुटांचा एक सलग थर मिळतो. एका सहावारीत असे दोन थर निघतात. नऊवारी लुगडं २७ फुटांचं, त्यात सहा तुकडे, म्हणजे तीन थर. जुनी साडी धुऊन धुऊन आटलेली असते, म्हणून कापण्याआधी टेपनं पन्हा मोजून बघा. दुप्पट करून ८४ इंचांहून कमी भरत असेल, तर तेवढी पट्टी जोडून घ्या किंवा गोधडीची लांबी कमी करा.

पहिल्या गोधडीसाठी मी हे थर सुचवते. सर्वांत खाली आणि मध्ये एका सहावारीचे दोन थर, त्यावर जुनी एकेरी सुती चादर, आणि चादरीवर ठिगळं. पुणे-नाशिकच्या थंडीला एवढं पुष्कळ. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा, त्यामुळे दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा चांगले. थंडी फार सोसत नसेल, तर मध्ये आणखी एक पातळ थर घाला. सहा-सात थरांपुढे मात्र जाऊ नका. सुई आरपार न्यायला इतका जोर लागतो की आठवड्यात अंगठा सुजतो आणि काम कोपऱ्यात पडून राहतं.

कापड निवडताना

सुती, आणि शक्यतो वापरून मऊ झालेलं. नव्या कापडात खळ असते, ते आटतं आणि रंगही सोडतं. नवं वापरायचंच असेल, तर रात्रभर पाण्यात भिजत घालून, धुऊन, वाळवून मग घ्या. लाल, काळं आणि गडद निळं कापड ओलं करून त्यावर पांढरा रुमाल घासा. रुमालाला रंग लागला तर तो कपडा आणखी दोन-तीनदा धुवा. तरीही रंग जात असेल तर त्याचा मोह सोडा.

सुती आहे की नाही कळत नसेल, तर कडेचा एक धागा काढून वाटीवर धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर आखडतं, वितळतं आणि त्याची टणक गुठळी होते. ही परीक्षा मी चूक करून शिकले. माझ्या दुसऱ्या गोधडीत मी मधल्या थराला एक गुळगुळीत नायलॉनची साडी घातली होती, आत आहे तर कुणाला दिसणार म्हणून. तीन धुण्यांत तो थर सरकून एका कोपऱ्यात जमा झाला. ती गोधडी अख्खी उसवून पुन्हा शिवावी लागली.

जीर्ण कापड ओळखायला ते दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणा. फर्रकन फाटलं तर ते ठिगळाच्या कामाचं नाही, मधल्या थरात मात्र चालेल. टी-शर्टचं होजियरी कापड ताणलं जातं, जीन्सचं सुईला दाद देत नाही, जरीचा काठ टोचतो. हे तिन्ही बाजूला ठेवा.

ठिगळांसाठी मात्र स्वतःचं कपाट उघडा. माझ्या गोधडीत माझ्या पहिल्या नोकरीतला चेक्सचा कुडता आहे, विरलेला खणाचा परकर आहे, आणि बाहीला शाईचा डाग पडलेला एक ड्रेस आहे. तो डाग मी मुद्दाम ठिगळात येऊ दिला. बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात जे टाकवत नाही, ते इथं येऊ द्या. सात इंचांच्या हिशोबानं एका लांब कुडत्यातून वीसेक आणि शर्टाच्या पाठीतून आठ ते बारा ठिगळं निघतात. आठ-दहा कपडे पुरे होतात.

बाकीचं सामान

सुई लांबट, बारीक आणि मोठ्या नेढ्याची हवी. दाभण घेऊ नका, त्याची भोकं कापडात कायमची राहतात. दोरा जाड सुती. तो मिळाला नाही तर मशीनचा सुती दोरा दुहेरी करून वापरा. दोरा मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंता कमी होतो. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई रेटायची टोपी, हवंच. पहिल्या दिवशी ते अडचणीचं वाटतं, चौथ्या दिवशी त्याच्यावाचून चालत नाही. याखेरीज टाचण्या, धारदार कात्री, टेप, आणि खुणा करायला शिंप्याचा खडू किंवा वाळलेल्या साबणाची चिपटी.

ठिगळं कापणं आणि मांडणं

कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा सात इंचांचा अचूक चौकोन कापा. चारही कोन काटकोनात आहेत ना, ते वहीच्या कोपऱ्यावर तपासा. हा पुठ्ठा कापडावर ठेवताना कापडाच्या उभ्या किंवा आडव्या धाग्याशी समांतर ठेवा. तिरका कापलेला चौकोन शिवताना ताणतो आणि मग कुठल्याच रांगेत बसत नाही.

सात इंचांतला एक इंच दुमड आणि झाकणीत जातो आणि दिसायला सहा इंच उरतात. साडेचार फूट म्हणजे ५४ इंच, त्यात नऊ ठिगळं. सात फूट म्हणजे ८४ इंच, त्यात चौदा. एकूण १२६ ठिगळं. पाच-सहा जास्तीची कापून ठेवा, मांडताना एखादं नकोसं होतंच.

जमिनीवर चादर अंथरा आणि तिच्यावर सगळी ठिगळं मांडा. मग खुर्चीवर उभं राहून वरून फोटो काढा आणि तो फोनमध्ये कृष्णधवल करून बघा. रंग गेले की गडद आणि फिकं कुठं दाटलंय ते लगेच दिसतं. दोन-चार अदलाबदली करा आणि थांबा. मनासारखं झालं की प्रत्येक रांग डावीकडून उजवीकडे एकावर एक रचा, वर रांगेचा आकडा लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि मधून एक दोरा ओवून गड्डी बांधा. अशा चौदा गड्ड्या पिशवीत ठेवल्या की काम कधीही उचलता येतं.

ठिगळं चादरीवर बसवणं

ठिगळं आधी एकमेकांना जोडून अख्खा पट्टा तयार करणारेही आहेत. मला आपली जुनी रीत पसंत आहे, ठिगळ थेट खालच्या कापडावर बसवायचं. चुकलं तर एवढंच उसवता येतं.

चादरीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात पहिलं ठिगळ न दुमडता ठेवा, कडा चादरीच्या कडेला जुळवून. दुसऱ्या ठिगळाची डावी कड अर्धा इंच आत दुमडा, दुमड नखानं दाबा किंवा इस्त्री करा, आणि ती पहिल्याच्या उजव्या कडेवर अर्धा इंच चढवा. पहिल्याची उघडी कड आता झाकली गेली. दोन टाचण्या लावा आणि दुमडीपासून दोन-तीन मिलिमीटर आत धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर नेत जाणारे साधे सरळ टाके, घाला. पहिली रांग अशीच पुरी करा. दुसऱ्या रांगेपासून प्रत्येक ठिगळाची डावी आणि वरची अशा दोन कडा दुमडायच्या, वरची कड आधीच्या रांगेवर चढवायची. असं केलं की आत एकही सुटा धागा राहत नाही. बाहेरच्या चारही कडा उघड्याच राहू द्या, त्या शेवटी गोटाखाली, म्हणजे कडेच्या पट्टीखाली जातात. चादरीबाहेर इंच-अर्धा इंच आलं तर आत्ता कापू नका.

चार ठिगळांचे कोपरे एका ठिकाणी नेमके जुळावेत म्हणून जीव काढू नका. एखाद-दुसऱ्या रेघेचा फरक अंथरल्यावर दिसत नाही. मात्र रांग सरळ हवी. दर दोन रांगांनी टेप लावून वरच्या कडेपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं आहे का ते बघा.

थर रचणं आणि कच्चे टाके

हा दिवस मोकळा ठेवा आणि जमलं तर दुसरं माणूस सोबत घ्या. फरशी पुसून वाळू द्या. सर्वांत खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरा आणि कडा ताणून फरशीला चिकटपट्टीनं चिकटवा. ताण इतकाच की चुणी राहू नये, कापड ओढलं जाऊ नये. त्यावर मधला थर. दोन्ही थरांना मध्यावर जोडाची शिवण आहे. त्या एकावर एक आल्या तर पाठीखाली उंचवटा टोचतो, म्हणून वरचा थर चार बोटं सरकवून ठेवा. सगळ्यांत वर ठिगळांची चादर, सुलटी बाजू वर. प्रत्येक थरावर तळहात मध्यापासून कडेकडे फिरवत जा. आमच्या आईच्या वेळी कोपऱ्यांवर पितळेचे तांबे ठेवत. मी डाळीचे भरलेले डबे ठेवते.

आता कच्चे टाके, दोन-दोन इंच लांब. आधी मध्यातून उभी ओळ, मग आडवी ओळ, मग दोन्ही कर्णांवर. त्यानंतर या ओळींच्या मधली जागा वीत-वीत अंतरानं भरत मध्याकडून कडेकडे जा. शेवटी चारही कडांवर एक फेरा घाला, म्हणजे शिवताना धागे सुटणार नाहीत. हे टाके नंतर काढूनच टाकायचे आहेत म्हणून कंटाळा करू नका. माझा अनुभव असा आहे की कच्च्या टाक्यांत वाचवलेला एक तास पुढे दहा तास खातो. उठण्याआधी गोधडी उलटून खालची बाजू बघा. चुणी दिसली तर तेवढे टाके काढून पुन्हा घाला.

पक्के टाके

इथून खरी गोधडी सुरू होते. कडेपासून दीड इंच आत पहिला फेरा घाला. कोपऱ्यावर आलात की काटकोनात वळा. चारही बाजू फिरून सुरुवातीच्या जागी आलात की एका बोटाच्या रुंदीएवढं, म्हणजे पाऊण इंच आत सरका आणि दुसरा फेरा. असं आत आत जात मध्याला पोचायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गोधड्यांवर एकात एक चौकटी दिसतात, त्या याच रीतीच्या. खालच्या ठिगळांच्या रेषांकडे बघू नका, टाके आपल्या वाटेनं त्यांच्यावरून जाऊ द्या.

दोरा हातभरच घ्या. लांब दोरा गुंततो आणि प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जाऊन विरतो. गाठ मारा, सुई वरून घालून वरचा थर आणि मधला थर यांच्यामधून इंचभर लांब बाहेर काढा आणि हलका झटका द्या. गाठ आत जाऊन दिसेनाशी होते. मग धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. सुई उभी आत घाला, खाली धरलेल्या डाव्या हाताच्या बोटाला टोक जाणवलं की लगेच वर वळवा. असे तीन-चार टाके सुईवर घेऊन मग अंगुस्तानानं रेटा आणि दोरा ओढा. दोरा कापडावर टेकेल इतकाच ओढायचा. घट्ट ओढलात तर कापड चुणतं आणि गोधडी आखडते. तशी ती नीट शिवूनही दोन-तीन इंच आखडतेच, ते मनात धरून ठेवा.

किती टाके पडतात? ५४ बाय ८४ इंचांत पाऊण इंचाच्या अंतरानं फेरे घातले तर टाक्यांची रेघ साधारण १५४ मीटर भरते. माझा वेग तासाला पाच मीटर आहे, म्हणजे तीसेक तास. रोज तासभर बसलात तर एक महिना. अंतर सव्वा इंच ठेवलंत तर रेघ ९२ मीटरवर येते. रोज वापरायच्या गोधडीला तेही चालतं, पण त्याहून विरळ करू नका.

प्रत्येक फेऱ्यानंतर खालून तळहात फिरवा. चुणी लागली तर तिथंच थांबून हातभर उसवा. पुढं गेल्यावर ती काढता येत नाही. जिथं पक्के टाके झाले तिथले कच्चे टाके काढत जा.

बसायचं कसं, हे कुणी सांगत नाही आणि मग मान धरते. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसा, गोधडीचं वजन मांडीवर आणि जमिनीवर असू द्या, हातांवर नको. उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांनी उजव्या. ४० मिनिटांनी उठा. पूर्वी शेतीची कामं उरकली की उन्हाळ्याच्या दुपारी ओटीवर दोघी-चौघी मिळून शिवत, एकेक बाजू वाटून घेत. एकटीनं शिवताना मी रेडिओ लावते.

गोट

शेवटचा फेरा झाला की चारही कडा पट्टी धरून सरळ कापा. गोटाला तीन इंच रुंद आणि सव्वासात मीटर लांब पट्टी लागते. सुती साडीचा काठ यासाठी सर्वांत उत्तम, तो घट्ट विणीचा असतो. काठ वेगळ्या साडीचा घ्या. थरांसाठी वापरलेल्या साडीचे काठ आधी काढलेत तर पन्हा कमी पडतो. पट्टी सुलट बाजूवर उलटी ठेवून अर्ध्या इंचावर शिवा, मागे वळवा, कड आत दुमडा आणि बारीक टाक्यांनी तुरपा. पट्टी नसेल तर कडा एकमेकींकडे आत दुमडून दोन फेरे टाकले तरी चालतं, फक्त गोधडी इंचभर लहान होते.

कोपऱ्यांना मात्र जास्त कापड द्या. गोधडी ओढताना आपण कोपराच धरतो आणि ती तिथंच आधी फाटते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातले सिद्दी लोक आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. मी माझ्या गोधडीला चार साधे दुहेरी त्रिकोण लावले. त्यातल्या एकावर लाल दोऱ्यानं माझं नाव आणि वर्ष घातलं. तुम्हीही घाला.

धुणं आणि पुढची काळजी

पहिलं धुणं एकटंच, गार पाण्यात, सौम्य साबणानं. पिळू नका. घडी करून तळव्यांनी दाबत पाणी काढा. ओली गोधडी भलतीच जड होते, एकाच दोरीवर टांगली तर टाके ताणतात. दोन दोऱ्यांवर पसरून, उलटी बाजू उन्हाकडे करून वाळवा. वाळल्यावर टाक्यांच्या मधला भाग बारीक फुगलेला दिसेल. ते बिघडलेलं नाही, गोधडी तशीच दिसायला हवी.

घट बसायच्या आधी घरोघरी गोधड्या धुवायची रीत आहेच. त्या दिवशी वाळलेली गोधडी आत घेताना उजेडाकडे धरून बघा. ठिगळ विरलं असेल तर ते काढू नका. त्याच्यावरच नवं ठिगळ बसवा आणि आधीच्या टाक्यांच्या रेषेतच टाके घाला. सुटलेला दोरा ओढून तोडू नका, सुईनं आत घ्या. माझ्या गोधडीवर गेल्या वर्षी पहिलं नवं ठिगळ पडलं, चेक्सच्या कुडत्याच्या जागी. कुडता खाली आहेच.